तिचा डावा हात परत द्या

मालिका बनवणारा स्टुडिओ आणि ती दाखवणारी वाहिनी,
दोन्हीकडच्या मंडळींस सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मी या पत्रात घालत नाही. तुम्ही ओळखालच, आणि ज्यांच्या घरात आठ ते बारा वयाचं पोर आहे तेही ओळखतील. आटलेलं तळं, सात खोरी, डावखुरी धनुर्धारी मुलगी आणि तिच्या खांद्यावर बसणारं बडबडं घुबड. तेरा-तेरा भागांची दोन पर्वं झाली, तिसऱ्याची जाहिरात सुरू आहे.

गेल्या महिन्यात माझ्या रविवारच्या चित्रकलेच्या वर्गातल्या मुलांनी तुम्हाला पत्र पाठवलं होतं. चार पानी, हातानं लिहिलेलं, सोबत पट्टीनं आखलेला तक्ता. कोणत्या भागात, कितव्या मिनिटाला, काय चुकलं. तुमचं उत्तर आलं, त्याबद्दल आभार. दोन ओळींचं होतं: ‘ही काल्पनिक मालिका आहे. कृपया त्यात तर्क न शोधता आनंद घ्यावा.’ खाली एक हसरा चेहरा. आणि पुढच्याच आठवड्यात तेच भाग ‘नव्या झळाळीत’ म्हणून परत लागले. झळाळी होती, नाही म्हणत नाही. चुका जिथल्या तिथं होत्या, फक्त आता जास्त स्वच्छ दिसत होत्या.

पोरांनी तुमचं उत्तर वर्गात मोठ्यानं वाचलं. कुणी काही बोललं नाही. त्यांना ते पटलेलं नाही आणि मलाही नाही, म्हणून हे पत्र उघड लिहिते आहे.

मी कोण ते आधी सांगते, नाहीतर घरी बसून चुका काढणारी बाई म्हणून कागद बाजूला सरकवाल. माझे वडील, आण्णा, कोल्हापुरात सिनेमाची बॅनर रंगवायचे. फोटोवर चौकटी आखायच्या, तेवढ्याच चौकटी कापडावर खडूनं मारायच्या आणि एकेक चौकट वर उचलत न्यायची. बॅनर थिएटरवर चढवायच्या आधी आण्णा रस्ता ओलांडून पलीकडे जायचे आणि तिथल्या शेंगदाणेवाल्याला विचारायचे, “काय मामा, कोण हाय ह्यो?” मामांनी हिरोचं नाव बरोबर सांगितलं की काम पास. एकदा मामा म्हणाले, “वळखला की. पण ह्येचा एक डोळा कुनीकडं बघतोय?” दुसऱ्या दिवशी शुक्रवार, पहिला खेळ. आण्णांनी शिडी परत लावली, डोळा रॉकेलच्या बोळ्यानं पुसून काढला आणि ट्यूबच्या उजेडात पुन्हा रंगवला. मी खाली डबा धरून उभी. वय वर्षं नऊ. शेंगदाणे विकणाऱ्या माणसाला चित्रातलं काय कळतं, असं आण्णा म्हणाले नाहीत.

पुढे नव्वदच्या दशकात मी मुंबईत एका ॲनिमेशन स्टुडिओत लागले. परदेशी मालिकांचं काम तिथं यायचं. सेल म्हणजे चित्राचा पारदर्शक प्लास्टिकचा कागद, त्यावर पुढून शाईची रेघ, मागून रंग, हातात सुती मोजे. दोन वर्षं रंग भरले आणि मग मला चेकर केलं. तरुण मंडळींना हा शब्द कदाचित माहीत नसेल. सीन कॅमेऱ्याखाली जायच्या आधी एक माणूस तो अख्खा सीन हातात घेऊन बसायचा. शेजारी एक्स्पोजर शीट, म्हणजे कितव्या फ्रेमला कोणती सेल, ती कितव्या थरावर, याचा लांबलचक तक्ता. शेजारी मॉडेल शीट, म्हणजे ते पात्र समोरून, बाजूनं, पाठीमागून नेमकं कसं दिसतं ते. मग एकेक सेल पेगवर, म्हणजे ती जागेवर धरणाऱ्या खुंट्यांवर, बसवून बघायची. कान दोन आहेत का, तलवार म्यानाच्या बाजूलाच आहे का, रंगाचा नंबर बरोबर आहे का. खालच्या थरावरचा रंग वरच्या सेलमधून थोडा मळका दिसतो, म्हणून थर बदलला की रंगही किंचित बदलून घ्यावा लागे, तेही बघायचं. कंटाळवाणं काम होतं. मला आवडायचं.

माझ्याही हातून एकदा एका राजाचा मुकुट निसटला. तीन सेकंद राजा बोडका. सीन परत शूट झाला, माझा पगार काही कापला नाही, पण पुढे महिनाभर मला सगळे ‘मुकुट’ म्हणूनच हाक मारत होते. तेव्हा चूक होते कशी, हे मला कुणी शिकवायला नको.

कामाचा आकारही मी विसरलेली नाही. बावीस मिनिटांचा एक भाग धरा. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे ३१,६८० फ्रेम झाल्या. एक चित्र दोन-दोन फ्रेमला धरलं, तरी १५,८४० चित्रं. आता कॉम्प्युटरवर पात्राचे सुटे भाग जोडून हलवतात, मधली चित्रं यंत्र भरतं, प्रत्येक चित्र हातानं काढावं लागत नाही. तरी एवढ्या पसाऱ्यात दोनचार गोष्टी निसटणारच. पोरांना मी पहिल्याच दिवशी हे गणित फळ्यावर करून दाखवलं होतं.

हे सगळं सुरू झालं जुलैत. पंचगंगेनं ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडली, शाळांना सुट्टी लागली, आणि माझ्या माडीवर रविवारची पोरं रोजच यायला लागली. चित्रं काढून काढून किती काढणार? मालिका लावली. तिसऱ्या दिवशी एकानं ओरडून सांगितलं, “बाई, थांबवा, थांबवा! त्या पहारेकऱ्याचा हात कुठं गेला?” खरंच गेला होता. अर्ध्या सेकंदापुरता पहारेकरी खांद्यापासून नुसता, भाला हवेत. एक लेयर, म्हणजे चित्राचा एक थर, बंद राहिला की असं होतं. त्या दिवशी दोनशे पानी वही आणली आणि वर ‘चूक वही’ असं लिहिलं.

नियम मी घातले. पहिला नियम, चालू मालिकेत दिसलं तरच चूक; फ्रेम-फ्रेम सरकवून शोधलेली धरायची नाही. दुसरा, पद्धत आणि चूक यांत गल्लत करायची नाही. तुमच्या पात्रांना चारच बोटं आहेत, म्हणून एकीनं पहिली नोंद केली होती. ती मी खोडली. कार्टूनमधली चार बोटं ही जुनी सोय आहे, हात सुटसुटीत दिसतो आणि कामही वाचतं. मात्र दुसऱ्या पर्वाच्या नवव्या भागात म्हातारीच्या हाताला एका शॉटपुरती पाच बोटं येतात, ती नोंद राहिली. पळताना मागून तेच झाड अकरा वेळा जातं, हेही खोडलं. काटकसर आहे, चालायचंच. अमेरिकेतल्या हॅना-बार्बेरा या कार्टून स्टुडिओच्या मंडळींनी योगी अस्वलाच्या गळ्यात कॉलर घातली ती कशासाठी? धड स्थिर ठेवून नुसतं डोकं हलवता यावं आणि जोड दिसू नये म्हणून. पैसे वाचवण्याची युक्तीच ती, पण केवढी डोकेबाज. मराठी डबिंगमध्ये ओठ शब्दांशी जुळत नाहीत, तेही मी मोजू दिलं नाही. भाषा बदलली की ते होणारच.

एवढी चाळण लावून अडतीस नोंदी उरल्या. पहिल्या पर्वात चार. दुसऱ्यात चौतीस.

सगळ्या इथं देत नाही, तक्ता तुमच्याकडे आहेच. घुबड बोलतं तेव्हा त्याची चोच मिटलेली आणि मुलीचे ओठ हलताना दिसतात, असं दोनदा. एकाच रात्रीत चंद्रकोरीचा पूर्ण चंद्र होतो आणि पुन्हा कोर. चालताना पाय एका वेगानं पडतात आणि माणूस दुसऱ्याच वेगानं पुढे सरकतो, जणू रंकाळ्याच्या घाटावर शेवाळावरनं निघालाय. ही सगळी किरकोळात जमा. हसून सोडली.

दोन मात्र सोडता येत नाहीत.

एक, मण्यांची माळ. तुमच्या गोष्टीचा सगळा डोलारा त्या माळेवर उभा आहे. सात मणी, सात खोरी. प्रत्येक खोऱ्याचं दार एक मणी घेतं तेव्हा उघडतं. माळ रिकामी झाली की परतीची वाट बंद. छान कल्पना आहे, मी मनापासून म्हणते. पोरं पहिल्या पर्वात प्रत्येक दाराला बोटं मोजत होती. दुसऱ्या पर्वात चार दारं ओलांडून झाल्यावर गळ्यात तीन मणी हवेत. जवळच्या शॉटमध्ये पाच आहेत. पुढच्या शॉटमध्ये तीन. गुहेत शिरल्यावर चार. आणि शेवटी ती बर्फात बसून रडते, “आता एकच मणी उरला,” संगीत थांबतं, कॅमेरा हळूहळू गळ्यापाशी जातो, आणि गळ्यात दोन मणी.

सातवीतला एक पोरगा म्हणाला, “मग रडतीया कशाला? आनि एक हाय की.”

अख्खी माडी हसली. मीही हसले. पण तुम्ही तिथं रडवायला निघाला होता ना? त्या प्रसंगासाठी कुणीतरी रात्री जागून बर्फ रंगवला असेल, गाणाऱ्या बाईंनी काय तो सूर लावला आहे, आणि सगळं एका मण्यानं घालवलं. हे कसं झालं असेल ते मी सांगू शकते. माळेच्या जुन्या फाइली तशाच राहिल्या, सीन वेगवेगळ्या टोळ्यांना वाटले गेले, आणि ज्याला जी फाइल मिळाली ती त्यानं गळ्यात घातली. प्रत्येक भागाला त्या भागापुरती मॉडेल शीट काढून वाटली असती तर प्रश्नच नव्हता. सात मण्यांच्या माळेची आठ चित्रं, शेवटचं रिकाम्या माळेचं. माझ्या वर्गातली पोरगी पंधरा मिनिटांत काढून देईल.

आणि हे मुलांच्या लक्षात येत नाही, असं कृपा करून म्हणू नका. पावसाळ्यात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फूट किती इंच चढलं, ते सकाळी उठल्या उठल्या विचारणाऱ्या गावातली ही पोरं आहेत. ती मणी मोजणार नाहीत होय?

दुसरी गोष्ट सांगताना मला जरा जड जातं.

तुमची नायिका डावखुरी आहे. हे तुम्हीच वाजवून सांगितलंत, पहिल्या पर्वाच्या जाहिरातीत तेच होतं. पहिल्या भागात गावचा धनुर्विद्येचा गुरू तिला परत पाठवतो, उजव्या हातानं शिकून ये म्हणतो, आणि ती म्हणते, “बाण कुठल्या हातानं सुटला हे हरणाला विचारा.” माझ्या वर्गात पाचवीतली एक मुलगी आहे, डावखुरी. आजी अजून जेवताना तिच्या हातावर चापट मारते. शाळेत बाकावर शेजारणीचं कोपर लागतं म्हणून तिला कडेला बसवतात. कंपासबॉक्समधली कात्रीसुद्धा उजव्यांची. ते वाक्य ऐकल्यापासून ही पोरगी बदलली. कामटीला सुतळी बांधून धनुष्य केलं, उजव्या हातात धरलं आणि डाव्यानं ओढलं, अगदी तुमच्या नायिकेसारखं. पाठीवर पुठ्ठ्याचा भाता, बाणांची टोकं डाव्या खांद्यावरून वर आलेली. माझ्या जिन्यावरून ती तशी चढायची.

दुसऱ्या पर्वाच्या चौथ्या भागात नायिका दरीपलीकडच्या गिधाडावर नेम धरते. धनुष्य डाव्या हातात, ओढतेय उजव्यानं. भाता उजव्या खांद्यावर. डाव्या गालावरचा व्रण उजव्या गालावर. मी लगेच ओळखलं: पात्राचं तोंड दुसरीकडे करायचं होतं, वेळ नव्हता, म्हणून चित्र आरशासारखं उलटवलं. एका बटणाचं काम. दोन्ही बाजू सारख्या असलेल्या पात्राला ते चालतं. जिच्या गालावर व्रण आहे आणि जिची सगळी ओळख डाव्या हातात आहे, तिला कसं चालेल? त्या पर्वात असं नऊ ठिकाणी झालंय.

मला वाटलं होतं ती पोरगी चिडेल, वहीत नोंद करेल. ती पडद्याकडं बघत राहिली आणि हळूच म्हणाली, “बाई, तिलापण शिकवलं वाटतं उजव्या हातानं.”

त्या रविवारी तिनं भाता आणला नाही.

नंतर मी तिला कागदावर चित्र काढून, तो कागद उजेडासमोर उलटा धरून दाखवला. हे असं झालंय, तिला कुणी शिकवलेलं नाही, ही कामातली घाई आहे. तिला पटलं. मग तिनंच नऊच्या नऊ जागा शोधल्या आणि तक्त्यात लाल पेननं लिहिल्या. तुमच्याकडे आलेल्या तक्त्यातलं ते लाल अक्षर तिचं आहे, डावीकडं कललेलं. त्या अक्षराला तुम्ही ‘तर्क न शोधता आनंद घ्यावा’ असं उत्तर दिलंत.

आता तुमच्या ‘काल्पनिक’ या शब्दाकडं येते. रोजच्या घरगुती मालिकेत मागच्या भिंतीवरचं घड्याळ दोनाचे चार दाखवू लागलं तरी प्रेक्षक सावरून घेतो, कारण घर कसं असतं ते त्याला ठाऊक असतं. तुमच्या सात खोऱ्यांत आम्ही कधी गेलेलो नाही. तिथं दार कशानं उघडतं, घुबड बोलतं की नाही, माळेत किती मणी, हे तुम्ही दाखवाल तेवढंच आम्हाला माहीत. घुबड बोलतं हे पोरांनी विनातक्रार मान्य केलं. दार मणी खातं हेही. एवढं सगळं मान्य करून बदल्यात त्यांनी एकच मागितलं, तुम्ही घातलेला नियम तुम्ही पाळा. यात अवाजवी काय आहे?

आणि हे तुम्ही कोल्हापूरच्या पोरांना सांगावं, याचं मला जास्त लागलं. आमच्या खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा मानस्तंभ आहे, वर्गाला येताजाताना पोरं त्याच्या बाजूनं येतात. आनंदराव आणि बाबुराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवणारी माणसं. सिनेमाचा कॅमेरा इथंच, स्वतःच्या हातानं बनवायचा ध्यास त्यांनी घेतला. १९१६ साली आनंदराव गेले, तरी बाबुरावांनी तो पुरा केला, आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. त्यातला कीचकवध बघून लोक हादरले, असं जुनी माणसं सांगायची. पुराणातली गोष्ट, शेवट सगळ्यांना तोंडपाठ, तरी लोक हादरले. पुढे १९२९ साली ‘प्रभात’ फिल्म कंपनी इथंच सुरू झाली, १९३३ ला पुण्याला गेली. जायच्या आधी, १९३२ साली, ‘मायामच्छिंद्र’ इथंच झाला. नावापासून सगळी मायानगरी. मायानगरी आहे, चालतंय कसंही, असं म्हणून त्या लोकांनी काम केलं असतं तर चौकात आज कॅमेरा उभा नसता. (आण्णा असते तर म्हणाले असते, लई भाषण नको, मुद्द्यावर ये. येते.)

एक गोष्ट अगदी स्पष्ट करते. माझी तक्रार तुमच्या चित्रकारांविरुद्ध नाही. दुसऱ्या पर्वातली पार्श्वभूमी, विशेषतः पाचव्या खोऱ्यातलं धुकं आणि त्यातून दिसणारे दगडी बुरूज, मी वर्गात थांबवून थांबवून दाखवलं आहे. पन्हाळ्यावर पावसाळ्यात तीन दरवाजाच्या बाजूला असंच दिसतं. ज्यानं कुणी ते रंगवलं त्याला डोळा आहे. असं काढणारी माणसं मणी चुकतात ती हयगयीनं नव्हे.

मग कशानं? तेही पोरांनीच शोधलं. मालिका संपली की तुम्ही नामावली कोपऱ्यात चिमटीएवढी करता आणि पाच सेकंदांत पुढचा भाग सुरू होतो. आमच्यातल्या एकानं ती थांबवून, भिंग लावून वाचून काढली. पहिल्या पर्वात ‘चेकिंग’ या पाटीखाली दोन नावं होती. दुसऱ्या पर्वात ती पाटीच नाही. चार चुका आणि चौतीस चुका यांच्या मधोमध ती दोन नावं आहेत, असं माझं ठाम मत आहे. तुम्ही म्हणाल सॉफ्टवेअर आता पुष्कळ बघतं. बघतं. लेयर नाव बरोबर आहे का, फाइल जागेवर आहे का, हे बघतं. ही मुलगी डावखुरी आहे आणि तिच्या मागं कोल्हापुरात एक पोरगी बसली आहे, हे बघायला माणूस लागतो, आणि त्याला बघायला वेळ द्यावा लागतो. दोघांचा पगार तुमच्या घुबडाच्या खेळण्यांच्या जाहिरातीपुढं किती असेल?

आमच्या मागण्या साध्या आहेत. वर्गात हात वर करून ठरवल्या आहेत, मी फक्त शब्द नीट केले.

डाव्या हाताच्या नऊ जागा आणि माळेच्या सगळ्या जागा, पुढच्या वेळी भाग दाखवायच्या आधी दुरुस्त करा. अडतीसच्या अडतीस करा म्हणत नाही. पहारेकऱ्याचा हात राहिला तरी चालेल, पोरांना आता तो आवडायला लागला आहे. प्रत्येक वेळी त्या जागी टाळ्या पडतात.

तिसऱ्या पर्वाला चेकर ठेवा. दोन नसतील जमत तर एक ठेवा, पण कामाच्या वेळापत्रकात त्याचे दिवस वेगळे धरा. सीन पाठवायच्या आदल्या रात्री ‘जरा नजर टाक’ म्हणणं हे चेकिंग नव्हे, मी ते भोगलं आहे.

नायिकेच्या डाव्या आणि उजव्या, दोन्ही बाजूंची मॉडेल शीट वेगवेगळी करा आणि तिचं चित्र उलटवायला बंदी घाला. हे फुकटातलं काम आहे.

नामावली पूर्ण पडदाभर, वाचता येईल अशा वेगानं दाखवा, आणि मराठी आवृत्तीत ती देवनागरीत द्या. आवाज देणाऱ्या कलाकारांची नावंसुद्धा. ते घुबड कोण बोलतं हे आम्हाला अजून माहीत नाही, आणि वर्गात त्यावर पैजा लागल्या आहेत.

आणि मुलांच्या पत्राला उत्तर द्या. ‘बघतो’ एवढं लिहिलंत तरी चालेल, ‘या चार जागा आम्ही मान्य करतो, बाकीच्या नाही’ असं लिहिलंत तर फारच बरं. ती वाद घालायला तयार आहेत. हसरा चेहरा नको.

तक्त्याची दुसरी प्रत या आठवड्यात स्पीड पोस्टानं दोन्ही पत्त्यांवर पाठवते आहे. त्यात प्रत्येक डाव्या हाताच्या नोंदीशेजारी त्या मुलीनं स्वतः चित्र काढलं आहे, शॉट कसा हवा होता त्याचं. धनुष्याची पकड दोन ठिकाणी तिला जमलेली नाही, मी मुद्दाम दुरुस्त केली नाही.

कळावे,
एक जुनी चेकर, सध्या चित्रकलेच्या बाई
मंगळवार पेठ, कोल्हापूर

ता. क. : पत्र वाचून दाखवल्यावर पोरांनी एक सुधारणा सुचवली. वर मी घुबडाला ‘बडबडं’ म्हटलंय, ते त्यांना मान्य नाही. त्यांच्या मते ते शहाणं आहे आणि बाकीची मंडळी ऐकत नाहीत म्हणून त्याला जास्त बोलावं लागतं.